‘खालून कुणीतरी ओढतं’ : खोल पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

विहीर, शेततळं, धरण आणि थेट समुद्राचा तळ. या महिन्यात आलेल्या पत्रांमधल्या निवडक प्रश्नांना आमच्या जाणकारांनी दिलेली ही उत्तरं.

आमची विहीर सात परस (एक परस म्हणजे साधारण एका माणसाएवढी खोली). पैठणच्या उजव्या कालव्याच्या पाझरामुळं मे महिन्यातही पाच परस पाणी असतं. पोरं तळाची माती वर आणायची पैज लावतात. दोघा-तिघांनी सांगितलं, अर्ध्यात गेलं की खालून कुणीतरी ओढतं. आजी म्हणते, साती आसरा आहेत, उगीच नाही काठावर शेंदूर लावून सात दगड मांडले. खरं काय समजायचं? (गेवराई, जि. बीड)

पोरं खोटं बोलत नाहीत. ओढ लागते, आणि ती अगदी खरीखुरी लागते. फक्त ओढणारं खाली कुणी नसतं.

छाती भरून श्वास घेतला की माणूस पाण्यावर तरंगतो, कारण फुफ्फुसातली हवा त्याला उचलून धरते. पण पाण्यात दर 10 मीटरला, म्हणजे साधारण 33 फुटांना, एका वातावरणाइतका दाब वाढतो. काठावर पाच लीटर असलेली हवा 33 फुटांवर अडीच लीटरच्या जागेत दबून बसते. पहिल्या दहा-बारा फुटांत पाणी वर ढकलतं, खाली जायला हात मारावे लागतात. मग एक पट्टा असा येतो की शरीर ना वर जातं ना खाली. तो ओलांडला की हात न हलवताही माणूस खाली जाऊ लागतो. दंगा करत उडी मारताना अर्धा श्वास बाहेर गेला असेल तर हा पट्टा आणखी वर येतो. त्यात बाहेर 42 अंश ऊन आणि खाली झऱ्याचं गार पाणी. त्या गारठ्यात पायाला लागलेली ओढ कुणालाही हातासारखीच वाटेल.

यापेक्षा वाईट गोष्ट पैजेत आहे. बुडी मारण्याआधी पोरं दहा-पंधरा वेळा भराभर श्वास घेतात, दम टिकावा म्हणून. त्यानं रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी होतो. ‘आता श्वास घे’ ही तडफड सुरू होते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळं. तो इशाराच बंद केल्यावर पोरगं खाली निवांत राहतं. वर येताना दाब उतरतो, रक्तातला उरलासुरला प्राणवायू पुरेनासा होतो आणि शेवटच्या पाच-सात फुटांत शुद्ध जाते. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही. वरच्यांना वाटतं, गडी पैज जिंकतोय.

कानाचंही सांगायला हवं. दहा फुटांवर कान ठणकतात. नाक दाबून आतून हवा फुंकली की दाब सारखा होतो. सर्दी झालेल्याला ते जमत नाही. तरी तो खाली गेला तर पडदा फाटू शकतो, गार पाणी आत शिरतं आणि अशी भोवळ येते की वर कुठं आणि खाली कुठं तेच कळत नाही.

आसरा म्हणजे अप्सरा. विहिरीवर त्यांना हिरव्या बांगड्या आणि ओटी वाहतात, ते खुशाल चालू द्या. ‘इथं खोल आहे’ हे सांगणारा तो जुना फलकच आहे. पैज मात्र बंद करा. पोहायचं तर पाठीला डबा, कमरेला दोर आणि दोर धरणारा माणूस काठावर. त्याच्या हातात मोबाईल नको.

आमचं शेततळं 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल, 500 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं. मोसंबीसाठी केलं. आता घरात लहान लेकरं आहेत, भीती वाटते. पट्टीचा पोहणाराही यात बुडतो म्हणतात, ते कसं? (घनसावंगी, जि. जालना)

भीती रास्त आहे. या अंकातल्या सगळ्या पाण्यांत आम्हाला सर्वांत जास्त धाक शेततळ्याचाच वाटतो, कारण ते खोल दिसतच नाही.

उतार सहसा एकास दीड असतो, म्हणजे एक फूट खाली जाताना दीड फूट आत. कोरड्या मातीवर असा उतार माणूस सहज चढतो. पण अर्ध्या मिलिमीटरच्या त्या गुळगुळीत कागदावर पाण्याच्या रेषेखाली शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो. पोहणारा काठापर्यंत येतो, हात टेकतो, गुडघा लावतो आणि परत आत घसरतो. बोटांना धरायला कागदाला ना चीर, ना सुरकुती. अशा पंधरा-वीस झटापटीत दम संपतो. गाई-म्हशींचंही तेच होतं. लेकराला काढायला आई उतरते, तिच्यामागं बाप, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात.

उपाय महाग नाही. तीन मीटर खोलीला उताराची लांबी सुमारे साडेपाच मीटर भरते. त्यात बांधावरचे दोन मीटर आणि तळावरचा एक मीटर धरला तर एका दोराला साडेआठ-नऊ मीटर, म्हणजे तीस फूट लागतात. 14 ते 16 मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर घ्या. गाठी मारण्यात लांबी जाते, म्हणून विकत घेताना पन्नास फूट घ्या. दर फुटावर गाठ मारा, ओला हात नुसत्या दोरावरून सटकतो. वरचं टोक बांधाच्या कडेला नको, कडेपासून चार-पाच फूट मागं तीन फूट गाडलेल्या लोखंडी अँगलला बांधा. खालच्या टोकाला वाळूनं भरलेली बाटली अडकवा. दगड नको, कागद फाटेल. बहुतेक जण इथंच चुकतात. दोर पावसाळ्यातल्या पाण्यापुरता सोडतात, मार्चमध्ये पाणी दीड मीटरवर येतं आणि दोर वर कोरडाच लोंबत राहतो. चारही बाजूंना किमान एकेक दोर हवा. जुने टायर एकमेकांना बांधून सोडलेली शिडी त्याहून बरी. उन्हानं नायलॉन कुजतो, दर दोन वर्षांनी बदला.

घट्ट बूच लावलेला वीस लीटरचा रिकामा कॅन लांब दोरीला बांधून काठावर ठेवा. तो पाण्यात जवळजवळ वीस किलो भार उचलतो. डोकं वर ठेवायला माणसाला पाच-सात किलोचा आधार पुरतो, म्हणजे एका कॅनवर दोघं निभावतात. भोवती पाच फूट उंच जाळी आणि कुलुपाचं फाटक तर हवंच. कुलूप लावण्याचा कंटाळा करू नका.

रात्री विहिरीत ‘डुबुक’ आवाज येतो. बॅटरी मारली की काळं, लांबट काहीतरी वर येऊन गडप होतं. साप आहे का? विषारी असेल का? (सेलू, जि. परभणी)

बहुधा मरळ. हा मासा नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, ठरावीक वेळानं वर येऊन हवेचा घोट घेतो. तोच तो डुबुक. पाण्यावर गोल कडं उमटलं आणि पुढं काहीच दिसलं नाही तर मासा समजा. साप असेल तर डोकं वर ठेवून नागमोडी जाताना दिसतो आणि भिंतीच्या कपारीत शिरतो. विहिरीत बहुतेकदा दिवड असतो. तो बिनविषारी, पण चिडका, कडकडून चावतो. नागही विहिरीत पडतो आणि चांगला पोहतो, म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात जात ओळखायच्या भानगडीत पडू नका. एक लांब बांबू तिरपा सोडून ठेवा, साप आपणहून निघून जाईल.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथं हात घालू नका. खाली मरळीची जोडी राखणीला असते आणि धडक मारते. विहिरीत मासे सोडायचेच असतील तर थाई मांगूर सोडू नका. आपल्या देशात त्याला बंदी आहे, आणि पुरात तो ओढ्याला गेला तर गावठी मासे फस्त करतो.

नाथसागरात मगरी आहेत का? पोहायला भीती वाटते. (पैठण)

आहेत की नाहीत, ते आम्ही खात्रीनं सांगू शकत नाही. मगर दिसली तर काठापासून लांब राहा आणि वन विभागाला 1926 वर कळवा. पण भ्यायचंच तर जाळ्यांना भ्या. मासेमारीची फास जाळी पाण्यात दिसतच नाहीत. पाय अडकला की जितकं झटकावं तितका फास आवळतो, मग पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. दुसरी गोष्ट, बॅकवॉटरला गुडघाभर पाण्यातून चालत गेलेला माणूस जुन्या गोदेच्या काठावरून एका पावलात वीस फुटांत जातो. धरणाच्या पाण्याखाली जुनी नदी अजून तिथंच आहे.

मी दहावीत आहे. समुद्रात सगळ्यात खोल जागी कोणते प्राणी राहतात? ते इतके भेसूर का दिसतात? (लातूर)

2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथून हा प्रश्न यावा याचं आम्हाला कौतुक वाटलं.

सर्वांत खोल जागा प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत आहे, सुमारे 10,900 मीटर. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, म्हणजे साडेसहा कळसूबाई एकावर एक. तिथं एका चौरस सेंटिमीटरवर, तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, एक टनाहून जास्त भार पडतो. 23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या यानातून तिथं पोहोचले. खोल समुद्रात जाण्यासाठीच्या आपल्या भारताच्या ‘मत्स्य 6000’ यानात तिघांना बसण्यासाठी टायटॅनियमचा गोल आहे. गोलच का? दाब सगळीकडून सारखा वाटला जातो, कोपरा असेल तर तिथंच चेपेल.

अगदी तळाशी मासे नाहीत. 2022 मध्ये जपानजवळच्या गर्तेत 8,336 मीटरवर एका गोगलमाशाचं (स्नेलफिश) चित्रीकरण झालं, कॅमेऱ्यानं टिपलेला तो सर्वांत खोल मासा. दिसायला अजिबात भेसूर नाही, फिकट गुलाबी, मऊ, खवल्यांशिवायचा. त्याच्या पेशींतलं एक रसायन दाबाखाली प्रथिनं मोडू देत नाही. त्याहून खाली उरतात ते कोळंबीचे भाऊबंद आणि समुद्रकाकड्या.

सुळे आणि डोक्यावर दिवा असलेला तो अँगलरफिश बराच वर राहतो. दिवा म्हणजे काठीच्या टोकाला पोसलेले चकाकणारे जिवाणू, आणि तो दिवा असतो फक्त मादीला. काही जातींत बोटाएवढा नर तिला चावून कायमचा चिकटतो आणि तिच्याच रक्तावर जगतो. जबडा मोठा का, तर हजार मीटरखालच्या काळोखात पुढचं जेवण कधी मिळेल याचा नेम नसतो. समोर येईल ते गिळता यायला हवं. आणि फोटोतला तो लोंबत्या नाकाचा ब्लॉबफिश? तो वर ओढून आणल्यावर तसा झालेला असतो. त्याच्या घरी तो साधा मासाच दिसतो.

बुडालेल्याला मिठात पुरलं तर जिवंत होतो, असा मेसेज फिरतोय. (मुखेड, जि. नांदेड)

होत नाही, आणि मीठ गोळा करण्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हेही बंद. उताणं झोपवा, एकाला 108 लावायला सांगा. श्वास नसेल तर हनुवटी उचला, नाक दाबून तोंडानं आधी पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगानं. नंतर दोन श्वास, पुन्हा 30. तोंडातून पाणी आलं तर मान एका कुशीला वळवून पुसा आणि पुढं चालू ठेवा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, फुफ्फुसं काही तासांनीही बिघडतात.

डोह किती खोल आहे हे काठावरून ओळखता येतं का? (औंढा नागनाथ, जि. हिंगोली)

डोळ्यांनी नाही. स्वच्छ पाण्यात सरळ वरून पाहिलं तरी खोली पाऊणपटच दिसते. आठ फूट पाणी सहा फूट वाटतं, आणि काठावरून तिरपं पाहिलं तर त्याहून उथळ. सुतळीला अर्ध्या किलोचा दगड बांधा, दर फुटाला चिंधीची गाठ मारा, दगड सोडा आणि सुतळी सैल पडली की गाठी मोजा. एकाच जागी नको, काठापासून दर दोन-तीन हातांवर टाकून पाहा. आणि पूर येऊन गेला की जुनं माप सोडून द्या, वाळू हललेली असते.