सिग्नलवरचा कागद फिका निघाला तर मुलांना खोटं पाडू नका

तुम्ही विचारलंय : आठवीच्या वर्गात जमिनीलगतचा ओझोन मोजायची सोपी रीत कोणती, आणि कागद सिग्नलपाशी लावले की रंग सगळ्यात गडद येईल ना?

येईलच असं धरून चालू नका. नेमक्या याच समजुतीपायी आमच्या शाळेचा प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मारला गेला.

आम्ही शोनबाइनचे कागद केले होते, म्हणजे हवेतल्या ओझोननं जांभळे होणारे कागद. १८४०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये ओझोन ज्यानं ओळखला, त्याचीच ही रीत. मुलींनी ते हायवेच्या चौकात, शाळेच्या व्हरांड्यात आणि गावाबाहेरच्या टेकडीवर देवळाच्या ओसरीत टांगले. टेकडीवरचा चांगला जांभळा झाला, चौकातला जेमतेम. परीक्षक हसले. "टेकडीवर कसलं आलंय प्रदूषण? कागदांची अदलाबदल झाली असेल. आणि ओझोन तर वर असतो, आपलं रक्षण करतो." नववीतल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, की ओझोन कुठल्याच सायलेन्सरमधून निघत नाही. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड तर असलेला ओझोनही खाऊन टाकतो. त्यातून झालेला नायट्रोजन डायऑक्साइड वाऱ्याबरोबर पुढे जातो, उन्हात फुटतो, आणि धुरातल्या बाकीच्या वाफांच्या संगतीनं तिथे ओझोन साठत जातो. म्हणून वाऱ्याच्या दिशेला, दुपारी, गावाबाहेर तो जास्त. साहेब तोवर पुढच्या टेबलाशी पोचले होते. पहिला नंबर सिरिंजच्या जेसीबीला. दर वर्षी असतोच तो!

रीत सोपी आहे. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअरची खळ शिजवा, उतरवून १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घाला, गार झाल्यावर फिल्टर पेपरला दोन्ही बाजूंनी लावा. अंधारात वाळवा, सावलीत आठेक तास टांगा, मग डिस्टिल्ड पाण्यात बुडवून रंग बघा. एक कागद बंद बरणीत अंधारात ठेवायचाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? नळाचं पाणी नको, त्यातला क्लोरीनच रंग आणतो.

पावसाळ्यात हा उद्योग करू नका. दमट हवेत रंग उगाच गडद येतो, ऊनही नसतं. मार्च उत्तम, पण परीक्षा असतात, त्यामुळे फेब्रुवारी धरा.

प्रत्येक कागदामागे जागा, वेळ, वाऱ्याची दिशा पेन्सिलीनं तिथल्या तिथे लिहायला लावा आणि टांगलेल्या कागदाचा फोटो काढा. मग अदलाबदलीचा आरोप करून दाखवावा कुणीही.

हो, एक राहिलं. नायट्रोजन डायऑक्साइडनंही हा कागद थोडा रंगतो, म्हणजे सिग्नलवर गडद आला तरी तो सगळा ओझोन नव्हे. यातून आकडा काढू नका. आपल्याकडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, ती मोजायला यंत्रच लागतं. जवळ सरकारी हवामापन केंद्र असेल तर त्याच दिवसाचा ओझोनचा आकडा घेऊन तक्त्यात शेजारी चिकटवा.