मी केलंच नाही, हे कोणाकोणाला सांगत बसू?

खोट्या आरोपात अडकलेली माणसं बहुतेक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा एक तरुण असाच आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फावल्या वेळात तो एका ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा, सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी काम करायचा. वापरणाऱ्यांना न विचारता त्यांची माहिती गोळा करू नये, यावरून त्याचं तिथे चांगलंच वाजलं होतं. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरलाही २०२१ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला, हे तो सगळ्यांना ऐकवायचा. पुढे प्रकल्पाच्या क्लाउडवरच्या फाइली कोणीतरी सगळ्यांसाठी खुल्या केल्या. "आपलं म्हणणं खरं करायला यानेच केलं," असं ठरून गेलं.

पोरगा रात्र रात्र जागून एकेकाला उत्तरं देत होता. त्यात वडील म्हणाले, "काही केलं नाही तं घाबरतोस काऊन?" हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. मी वडिलांनाही बोलावलं. आरोप आला की निर्दोष माणसाचीही झोप उडते, घाबरणं म्हणजे कबुली नव्हे, हे सांगितलं. त्यांना पटलं असं म्हणणार नाही, पण घरातली उलटतपासणी थांबली.

मग मी विचारलं, "कोणी नोंदी पाहिल्या का?" तंत्रज्ञान त्यानेच मला समजावलं: ॲमेझॉनच्या क्लाउडवर परवानगी कधी, कुठल्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) बदलली याची नोंद राहते, पण वेगळी साठवली नसेल तर ९० दिवसच पाहता येते. सांगता सांगता तोच थबकला. दोन महिने भांडणातच गेले होते.

या नोंदी तपासा, असं प्रकल्प सांभाळणाऱ्या दोघांनाच पत्र लिहायचं ठरलं. पहिला मसुदा दोन पानी. 'मी असा नाही' आणि जुनी उणीदुणी मी काढायला लावली. स्वतःची ॲक्सेस की, म्हणजे क्लाउडमध्ये शिरायची गुप्त किल्ली, त्याने एका सहकाऱ्याला दिली होती, ते मात्र लिहायलाच लावलं. तो तयार नव्हता. दुसऱ्याकडून कळलं असतं तर बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता.

नोंदी पाहिल्या तेव्हा बदल त्याच्याच कीने झाला होता, पण आयपी पत्ता त्या सहकाऱ्याच्या ऑफिसचा निघाला. हा पोरगा त्या वेळी वर्ध्याला लग्नात होता. आरोप मागे घेतल्याचं एका ओळीत कळवलं गेलं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन मिळालं. माफी कोणी मागितली नाही. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.