सीईएचा आकडा आणि गाठीचा स्वभाव

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. त्याआधी सीईए १८ होता, पंधरा दिवसांनी ७ आला. गाठ मागे राहिली असेल का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तपासणी लवकर झाली. सीईए हे गाठीच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, आणि ते निम्मं व्हायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. म्हणून खरा आकडा ४ ते ६ आठवड्यांनी बघायचा. तेव्हाही तो ५ नॅनोग्रॅमच्या वर अडकला, तर स्कॅनचा विचार होतो. पुढे पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. किट बदललं की आकडाही बदलतो. सिगारेट, यकृताचा आजार आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाचे सुरुवातीचे आठवडे यांनीही सीईए वाढतो. उलट काही जहाल गाठी सीईए बनवतच नाहीत, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त राहू नये.

प्रश्न : बायोप्सीत ‘एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस’ लिहिलंय. म्हणजे कर्करोग फार आक्रमक आहे का?

‘लॉस’ शब्दानं घाबरू नका. डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. पीएमएस२ला एमएलएच१चा आधार लागतो, म्हणून दोन्ही एकदम जातात. तपकिरी रंग म्हणजे प्रथिन आहे, निळा म्हणजे नाही. स्लाइडवर गाठीच्या पेशींची केंद्रकं निळी आणि शेजारच्या लिम्फोसाइटची (निरोगी पांढऱ्या पेशींची) तपकिरी दिसली, तरच तो खरा लॉस. लिम्फोसाइटही निळ्याच असतील तर चाचणी फसली, पुन्हा करायची. बहुतेक वेळा गडबड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवात असते : काढलेलं आतडं न उघडता बुडवलं की द्रव आत पोचत नाही आणि मधला भाग कुजतो. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन आणि ६ ते ७२ तास, हे पाळायलाच हवं.

दुसऱ्या टप्प्यात अशा गाठी उलटण्याचं प्रमाण कमी असतं, आणि नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा त्यांना फायदा होत नाही. चौथ्या टप्प्यात त्यांना पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी लागू पडू शकते. पुढची पायरी गाठीतल्या बीआरएएफ जनुकाच्या तपासणीची. त्यात व्ही६००ई हा बदल सापडला, तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे कर्करोगाच्या आनुवंशिक प्रवृत्तीची शक्यता फार कमी. नाही सापडला, तर एमएलएच१चं मिथायलेशन (जनुक बंद पाडणारी रासायनिक खूण) बघायचं. तेही नसेल, तर रक्ताची जनुकीय चाचणी करावी, कारण प्रश्न मग भावंडांचा आणि मुलांचाही असतो.

प्रश्न : एलडीएच आणि एमएमपी-९ हे एन्झाइम तपासून घ्यावेत का?

पसरलेल्या आजारात एलडीएच जास्त असणं चांगलं लक्षण नाही. पण रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तरी तो चढतो, तेव्हा आधी नमुना पुन्हा द्या. एमएमपी-९ पेशींभोवतालची जाळी कुरतडून गाठीला वाट करून देतो. तरी त्याच्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. पैसे वाचवा.

त्याऐवजी डीपीडीबद्दल विचारा. ५-एफयूचा ८० टक्क्यांहून अधिक भाग हा एन्झाइम मोडतो. तो अर्धवट कमी असेल, तर डोस निम्म्यानं सुरू करतात. अजिबात नसेल, तर ५-एफयू आणि शरीरात तेच बनणारी कॅपेसिटाबिनची गोळी, दोन्ही टाळतात. चाचणी केमोच्या पहिल्या सायकलच्या आधी हवी. तोंड सोलून जुलाब सुरू झाल्यावर नव्हे.