आटपाडीचा गोळा, तुरिनचा बर्फ : वाचक विचारतात

मार्च २०२५ मध्ये इटलीत तुरिनला स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक हिवाळी स्पर्धा झाल्या, आपली पोरंपोरी ३३ मेडल घेऊन आली, ८ गोल्ड, १८ सिल्वर, ७ ब्राँझ. त्यावर मागच्या अंकात एक छोटी चौकट टाकली होती. चौकट एवढीशी आणि पत्रं मात्र ढीगभर, त्यातली बरीचशी सांगली-सातारा पट्ट्यातली, म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच. निम्म्या पत्रांत पॅरालिम्पिक आणि स्पेशल ऑलिम्पिक्स एकच धरलंय, त्याला तुम्ही तरी काय करणार, टीव्हीवाले पण तसंच बोलतात. तिथनंच सुरू करू.

प्रश्न : आमच्या करगणीच्या सचिन खिलारीनं पॅरिसला एक सिल्वर आणलं तर तालुक्यानं डोक्यावर घेतलं. ह्या पोरांनी ८ गोल्ड आणली तरी कुणाला पत्ता नाही. मग मोठं काय, एक सिल्वर का आठ गोल्ड?
– एक वाचक, आटपाडी

दादा, प्रश्न सरळ आहे पण उत्तर जरा लांबणार, चहा मागवून वाचा.

खिलारींचं सिल्वर पॅरालिम्पिकचं, म्हणजे मुख्यतः हात-पाय-डोळ्यांचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेचं. २०२४ ला पॅरिसमध्ये एफ-४६ म्हणजे हाताला अपंगत्व असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटर गोळा टाकला, गोल्डवाल्या कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टचा १६.३८, म्हणजे सहा सेंटीमीटरनं गेलं. तिथं हिशोब कडक असतो, त्या गटात जगात सगळ्यात लांब कोण टाकतो तोच पहिला, आणि तिथं पोचायलाच आधी पात्रता गाठावी लागते.

स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी आहे. हात-पाय-डोळे नाही, तर शिकायला, समजायला, रोजचे व्यवहार करायला ज्यांना अडचण येते त्यांच्यासाठी. १९६८ ला अमेरिकेत युनिस केनेडी श्रायव्हर बाईंनी सुरू केलं, पहिल्या स्पर्धा शिकागोला, बर्फावरच्या १९७७ पासून. आणि इथली स्पर्धा लावायची पद्धतच वेगळी. तुमच्याकडं जत्रेच्या फडात पंच जोड लावतात ना, हा त्याच्या तोलाचा, तो ह्याच्या तोलाचा, उगं लहान पोराला डबल अंगाच्या पैलवानाखाली घालत नाहीत, तसंच हे. आधी प्राथमिक फेरी घेतात, सगळ्यांचा टाइम बघतात, मग मुलगा-मुलगी, वय आणि टाइम बघून तोलामोलाचे तीन ते आठ जण एका गटात टाकतात. त्या गटाची फायनल, त्या गटाची मेडल. त्यामुळं एकाच १०० मीटरच्या शर्यतीत पाच-सहा गोल्ड निघू शकतात, आणि सगळ्यात स्लो गटातलं गोल्ड आणि सगळ्यात फास्ट गटातलं गोल्ड दिसायला सारखंच.

आता कुणी म्हणेल मग सोप्पं आहे, प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळायचं, खालच्या गटात जायचं आणि फायनलला सुसाट. ते पण त्यांनी धरलंय. फायनलला प्राथमिक फेरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त सुधारणा दिसली तर खेळाडू बाद होऊ शकतो, आधी जीव तोडून पळाला नाहीस म्हणून.

म्हणून ८ गोल्ड आली म्हणजे भारत बर्फात जगात भारी झाला असं नाही, आणि म्हणून ती मेडल खोटी असंही नाही, आपल्या तोलाच्या माणसाशी लढून जिंकलेली आहेत. स्पेशल ऑलिम्पिक्सवाले स्वतः देशांचा मेडल-तक्ता लावतच नाहीत, ३३ चा आकडा आपण आपल्या हौसेनं मोजतो. तेव्हा एक सिल्वर आणि आठ गोल्ड एका काट्यावर घालू नका. खिलारींचा सत्कार केलात बरोबर केलात, पण ह्या पोरांचा कुणीच केला नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आणि बौद्धिक अक्षमता असली म्हणजे पॅरालिम्पिक बंद असं पण समजू नका, तेलंगणाच्या दीप्ती जीवनजीनं पॅरिसलाच ४०० मीटरला ब्राँझ घेतलं, ती त्याच गटातली.

प्रश्न : २०१७ साली ऑस्ट्रियात भारताला ७३ पदके मिळाली होती असे माझ्या वहीत टिपलेले आहे. आता ३३. म्हणजे निम्म्याहून खाली. ही घसरण नाही तर काय?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, तुमची वही पक्की आहे. ७३ च होती, त्यात ३७ गोल्ड. पण घसरण म्हणायची घाई नको.

एक म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. हिवाळी स्पर्धा चार वर्षांनी, २०२१ ची आधी स्वीडनकडं होती, त्यांनी सोडली, मग रशियात कझानला ठरली, आधी कोविडनं पुढं ढकलली आणि शेवटी युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रद्दच झाली. म्हणजे २०१७ ला जो पोरगा सोळाचा होता तो थेट चोविसाव्या वर्षी पुढची संधी बघणार, तोवर घरच्यांनी त्याला दुकानात नाहीतर रानात कामाला लावलेला असतो, किंवा शाळाच सुटलेली असते, आणि स्पेशल शाळा सुटली की खेळ पण सुटतो, हे आपल्याकडचं खरं दुखणं. दुसरं, तुरिनला आपले खेळाडू होते ३०. टीम गेममध्ये जिंकलं की सगळ्या टीमच्या गळ्यात मेडल पडतं, तेव्हा किती जण गेले, कशात गेले यावर आकडा वर-खाली होणारच. आणि तिसरं वर सांगितलंच, गट पाडून मेडल देतात तिथं मेडलची बेरीज हे प्रगतीचं माप होत नाही. २०२३ ला बर्लिनच्या उन्हाळी स्पर्धांत २०२ मेडल आली होती, तेव्हा आपण जगज्जेते झालो होतो का? नाही ना, मग आता बुडालो पण नाही.

सर, तुम्हाला अजून एक गंमत सांगतो, ही वहीत टिपाच. पुढच्या लेव्हलला पाठवायचे खेळाडू यांच्या नियमात फक्त टाइम बघून निवडत नाहीत. आपापल्या गटात पहिले आलेले सगळे पात्र, आणि जागांपेक्षा पात्र पोरं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे सगळ्यात फास्टच जाईल असं नाही, स्लो गटात पहिला आलेला पण इटलीला जाऊ शकतो. निवड समितीतला ओळखीचा माणूस शोधायची सवय लागलेल्या आपल्या लोकांना हे पचायला जड जाईल पण मला विचाराल तर यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

तेव्हा घसरण मोजायचीच असेल तर जिल्ह्यात किती स्पेशल शाळांत खेळाचा तास खरंच होतो, वेळापत्रकात नुसता छापलेला नाही, ते मोजा.

प्रश्न : आपल्याकडं बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर. सातारा-सांगलीचं पोरगं हिवाळी खेळात कसं जाणार, उगं स्वप्नं कशाला दाखवता?
– एक वाचक, फलटण

गोळेवाल्याला कमी लेखू नका. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर थंडीत दव गोठतं त्याचे फोटो आपण दरवर्षी फॉरवर्ड करतो, पण त्यावर स्की चालत नाही हे मान्य.

पण तुरिनच्या आठ खेळांत एक होता फ्लोअरबॉल. हॉलमध्ये, साध्या फरशीवर, हलकी काठी आणि भोकाभोकाचा प्लॅस्टिकचा बॉल, बर्फाचा संबंधच नाही. मंगल कार्यालयाचा हॉल लग्नसराई नसताना मोकळाच असतो की. डान्सस्पोर्ट पण होता, तो तर नाचच. शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगला बर्फ लागतो खरा, पण तोल आणि वळण घ्यायची सवय रोलर स्केटवर लागू शकते आणि ती पोरं आपल्याकडं गल्लीत दिसतात. यांचा ट्रॅक १११ मीटरचा असतो, मग शर्यती १११, २२२, ३३३, ७७७ असल्या गमतीशीर. स्नोशूइंग म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून पायाला रुंद जाळीदार फळ्या बांधून पळायचं, त्याचा सराव वाळूत होतो. कृष्णेत वाळू शिल्लक असली तर.

प्रश्न : उन्हाळी पॅरालिम्पिकला आपण पॅरिसमध्ये २९ मेडल घेतली. विंटर पॅरालिम्पिकला भारताचं नाव कधी ऐकलं नाही. खाशाबांच्या तालुक्यातला आहे म्हणून विचारतो, आपण तिथं का नाही?
– कॉलेजचा एक विद्यार्थी, कराड

नाव ऐकलं नाहीस कारण नव्हतंच. १९७६ ला स्वीडनमध्ये पहिली विंटर पॅरालिम्पिक झाली तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत भारताची टीम कधी उतरलीच नाही. साध्या विंटर ऑलिम्पिकला तरी बीजिंगमध्ये आपला एकटा आरिफ खान होता, गुलमर्गच्या बाजूचा.

कारणं शोधायला लांब जायला नको. बसून स्की करायची सिट-स्की असते, एका स्कीवर बसवलेली सीट, खाली स्प्रिंगसारखा झटका झेलणारा भाग, हातात टोकाला छोट्या स्की लावलेल्या काठ्या. ती बाहेरून आणायची म्हणजे पैसा, मग शिकवणारा कोच, मग महिनोन्महिने बर्फावर राहायचं, मग परदेशात जाऊन स्पर्धा खेळून वर्गीकरण, म्हणजे अपंगत्वानुसार गट, आणि पॉइंट मिळवायचे. गुलमर्ग, औली आहे पण तिथं व्हीलचेअरवाला माणूस वरपर्यंत पोचणार कसा इथनंच गाडी अडते.

पण चीनचं बघ. २०१८ पर्यंत त्यांचं विंटर पॅरालिम्पिकचं मेडल किती, तर एक. व्हीलचेअर कर्लिंगचं, म्हणजे व्हीलचेअरवर बसून बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं. बीजिंगला २०२२ मध्ये ६१, त्यात १८ गोल्ड, टेबलात पहिला नंबर. २०१५ ला यजमानपद मिळालं आणि त्यांनी पैसा ओतला, कोच आणले, बर्फाची सेंटरं बांधली. घरची स्पर्धा होती, रशियाला ऐनवेळी बाहेर काढलं होतं, हे सगळं धरलं तरी चार वर्षांत एकावरनं एकसष्ट. आणि दुसरा नंबर कुणाचा, युक्रेन, २९ मेडल, घरात युद्ध पेटलेलं असताना. त्यामुळं ‘आपल्याकडं परिस्थिती नाही ओ’ हे मला पुरेसं कारण वाटत नाही. मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गला गेले तेव्हा कुठं होती परिस्थिती, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला आपल्या वाळवा तालुक्यातल्या पेठचा जवान, पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड घेऊन आला आणि पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

तू विचारलं नाहीस पण सांगतो, यूट्यूबवर दृष्टिहीनांचं बायॅथलॉन बघ. स्कीवर पळत यायचं आणि रायफलनं टार्गेट मारायचं. कानाला हेडफोन, नेम मध्याच्या जवळ जाईल तसा आवाज बदलत जातो, ऐकून गोळी सोडायची. डोंगर उतरायच्या स्कीत पुढं गाइड पळतो आणि रेडिओवर वळणं सांगतो. ब्रिटनचा नील सिम्पसन बीजिंगला सुपर-जीमध्ये, म्हणजे असल्याच डोंगर उतरायच्या एका शर्यतीत, गोल्ड जिंकला तेव्हा पुढं त्याचा सख्खा भाऊ होता. मेडल दोघांना मिळतं.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. खेळायची फार हौस. पण शाळेच्या स्पोर्ट्सला कायम शेवटचा येतो आणि घरी येऊन रडतो. त्याला कुठं घालू? वय कमी आहे का? आणि तिथंही शेवटचाच आला तर?
– एक आई, तासगाव

ताई, वय अजिबात कमी नाही. आठ वर्षं पूर्ण झाली की स्पर्धेत उतरता येतं, वर मर्यादाच नाही, तीस वर्षांच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो. त्याच्या धाकट्यांसाठी पण दोन ते सातचा खेळाचा कार्यक्रम आहे.

आपल्या देशात हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत बघतं, त्यांची राज्य शाखा असते, पण तुम्ही सुरुवात जवळच्या स्पेशल शाळेपासून करा, सांगली-मिरज तुम्हाला लांब नाही. तुमचा मुलगा साध्या शाळेत असला तरी चालतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर आधी ते करा, बाकी ठिकाणी पण लागतंच. मग त्यांचा मेडिकल फॉर्म भरावा लागतो आणि तो डॉक्टरकडून नीट तपासून घ्या, उगं सही-शिक्का करून आणू नका. मुद्दाम सांगतोय कारण डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, मानेला झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. चालण्यात फरक, हातापायात मुंग्या, मान दुखणं असलं काही असेल तर डॉक्टरला आधी सांगा. कोलांट्या, सूर मारणं, स्कीसारखे खेळ त्यांनी हो म्हटल्याशिवाय नकोत. धावणं, बोची (चेंडू लक्ष्याजवळ लोळवायचा खेळ), पोहणं, सायकल यातनं सुरुवात करता येते. त्यांच्या स्पर्धांच्या ठिकाणी बऱ्याचदा डोळे, कान, दात फुकट तपासून देतात, तो फायदा सोडू नका. बऱ्याच पोरांना चष्मा लागलाय हे पहिल्यांदा तिथंच कळतं.

शेवटचा आला तर काय, याचं उत्तर आटपाडीच्या दादांना दिलं त्यात आहे. शाळेत त्याला त्याच्या तोलाच्या नसलेल्या पोरांबरोबर पळवतात म्हणून तो शेवटचा येतो. इथं त्याच्या वयाच्या आणि त्याच्या वेगाच्या पोरांबरोबर पळेल. तरी कधीतरी शेवटचा येईलच, कुणीतरी येणारच, पण चौथ्यापासून आठव्यापर्यंत सगळ्यांना रिबन मिळते आणि ती पण पोडियमवर बोलवून, नाव घेऊन. रडेल तर रडू दे की, हरल्यावर पैलवान पण रडतात.

आणि ताई, लगेच इटली-बिटलीचा विचार डोक्यात घेऊ नका. पुढच्या जागतिक हिवाळी स्पर्धा २०२९ ला स्वित्झर्लंडमध्ये आहेत, उन्हाळी २०२७ ला चिलीत सँटियागोला. तोवर शाळा, जिल्हा, राज्य असं खेळू द्या. पहिल्या दिवशी ग्राउंडवर जाताना पाण्याची बाटली आणि टोपी द्या, तासगावच्या उन्हात पळायचं आहे.