गॅलरीचे खिळे निखळले, मालक हात वर करतात

प्रश्न : साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही माडीवर भाड्यानं राहतो. भाडं महिना ६०० रुपये. लाकडी गॅलरीचे खिळे गंजून वर आलेत, पाय दिला की दोन फळ्या हलतात. फळ्या बदलून, नवे स्क्रू मारून, घासून तेल-पॉलिश करायला सुतार २२ हजार सांगतो. मालक म्हणतात, 'वापरता तुम्ही, करा तुम्ही.' खर्च भाड्यातून वळता करता येईल का?

उत्तर : ताई, येईल, पण सगळा नाही. आणि सुताराला लगेच कामाला लावू नका, आधी नोटीस.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मात्र दुरुस्ती भाडेकरूनं करायची असं करारात कबूल केलेलं असेल, तर हा आधार उरत नाही. म्हणून जुना भाडेकरार आजच शोधून वाचा.

तशी अट नसेल तर मालकांना निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, पोच मिळेल अशी. 'गॅलरी खराब झाली' एवढंच लिहून भागत नाही. कोणती फळी, किती खिळे निघालेत, कुठलं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालंय, ते लिहा आणि तारखेसह फोटो जोडा. गंजलेल्या खिळ्याभोवतीचं लाकूड कुजतं, त्याच भोकात परत ठोकलेला खिळा धरत नाही. सुताराकडून हे लेखी घ्या. उद्या मालक 'चार खिळे ठोकले की झालं' म्हणाले, तर तोच कागद उपयोगी पडेल.

नोटिशीची मुदत संपल्यावर वाजवी वेळेतही मालकांनी काही केलं नाही, तर काम तुम्ही करू शकता. खर्चाचा हिशेब आणि पावत्या ठेवा. कायद्यानं त्यांना निर्णायक पुरावा मानलंय, मालकांवर त्या बंधनकारक आहेत. सुतार कच्च्या चिठ्ठीवर भागवू बघेल, ऐकू नका.

अडचण रकमेची आहे. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त वळतं करता येत नाही. तुमचं वर्षाचं भाडं ७,२०० रुपये, म्हणजे हाती लागतात १,८००. जुन्या भाड्यांच्या बाबतीत ही तरतूद फार तोकडी आहे, हे मला मनापासून खटकतं. म्हणून नोटिशीतच प्रस्ताव मांडा : मालकांनी निम्मा खर्च उचलावा, किंवा पूर्ण खर्च पुढच्या भाड्यातून फिटेपर्यंत वळता करायला सहीनिशी संमती द्यावी. ते नाहीच म्हणाले तर यंदा फक्त कुजलेल्या फळ्या आणि स्क्रू एवढंच करा. लाकूड पावसात टिकावं म्हणून तेलाचा हात देणं मी दुरुस्तीतच धरेन. चकचकीत पॉलिश मात्र तुमची हौस, त्याचे पैसे मागू नका.

गॅलरी होती तशीच ठेवा. लांबी वाढवणं, काचा लावून खोली करणं टाळा. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर कलम १६ खाली घर खाली करून मागायला मालकांना कारण मिळतं.

नगरपरिषदेत 'वाडा धोकादायक आहे' असा अर्ज द्यायचा सल्ला शेजारी देतील. घाई करू नका. पाडण्याचा आदेश निघाला तर तेही घर खाली करून घेण्याचं कारण ठरतं. तुमचं दुखणं दोन फळ्यांचं आहे, अख्ख्या वाड्याचं नाही.

उरलेलं भाडं दरमहा बँकेतून भरत राहा, एकही महिना चुकवू नका. आणि काम होईपर्यंत गॅलरीचं दार बंद ठेवा, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका.