वाचकांचे प्रश्न : लिबरल आर्ट्सला प्रवेश घ्यावा का?

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला ८४ टक्के आहेत. तिला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांच्या लिबरल आर्ट्सला (वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र शिकवणाऱ्या पदवीला) जागा मिळते आहे. मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि नृत्य एकत्र शिकता येईल, असं ती म्हणते. दुसरीकडे अनुदानित कॉलेजात बी.ए. मानसशास्त्राला प्रवेश नक्की आहे, फीही काही हजारांतच. घरचे म्हणतात, एवढे पैसे घालून शेवटी बी.ए.च ना? काय करावं?
– एक पालक, मिरज

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. फक्त तो विद्यापीठाला विचारायला हवा, तोही कागद समोर ठेवून. मागच्या तुकडीतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचं गुणपत्रक, नाव झाकून, बघायला मागा. त्यावर पदवी बी.ए. लिहिली आहे की बी.एस्सी., मुख्य विषयाचं नाव आहे की नुसतं ‘लिबरल आर्ट्स’, आणि मुख्य विषयाचे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांवरून मोजलेलं विषयाचं वजन) किती भरतात, हे बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक आहेत. त्यातले किमान ८० मेजरचे (मुख्य विषयाचे), ३२ मायनरचे (जोडविषयाचे), आणि संशोधन घेतलं तर १२ त्या प्रकल्पाचे. मेजर पन्नास श्रेयांकांच्या आसपास अडकलेलं दिसलं तर सावध व्हा. पुढे एम.ए.चा अर्ज भरताना ‘पदवीला मानसशास्त्र किती?’ हा रकाना येतो आणि चार वर्षं थोडं थोडं सगळं शिकलेला विद्यार्थी तिथे अडतो. अर्थशास्त्राचं मेजर घ्यायचं मनात असेल, तर बारावीचं गणित लागतं का, हेही आत्ताच विचारा.

दुसरी तपासणी वेळापत्रकाची. माहितीपुस्तिकेत विषयांची लांबलचक यादी असते, पण एका सत्रात त्यातले मोजकेच चालतात. मागच्या दोन सत्रांचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागून घ्या आणि मुलीलाच पेन्सिल घेऊन बसवा. एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला आठवड्याला चार तास. असे पाच विषय घेतले की वीस श्रेयांक झाले आणि आठवडा भरला. संख्याशास्त्राचा सक्तीचा तास आणि नृत्याचा तास एकाच वेळी येतो का? मायनरच्या वर्गात जागा किती, आणि त्या भरल्या तर पुढचं सत्र कधी? निवडीची मुभा खरी की कागदावरची, हे अर्ध्या तासात कळतं.

हे एवढं सांगतो आहोत, कारण नवीन शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या साध्या कॉलेजांतही मेजर, मायनर आणि इतर शाखेचा विषय आलेच आहेत. तेव्हा केवळ विषयांच्या मिश्रणासाठी लाखो रुपये मोजू नयेत. मोजायचे तर वर्गासाठी. म्हणून एक दिवस वर्गात बसू द्या असं सांगा, आणि शिक्षकाने तपासलेला एखादा निबंध बघायला मागा. समासात ‘हा दावा कशावरून?’, ‘दुसऱ्या परिच्छेदात विरुद्ध लिहिलंयस’ अशा खुणा असतील तर तुमचे पैसे शिक्षणाकडे जातायत. नुसतं शेवटी ‘बी प्लस’ असेल, तर अनुदानित कॉलेज आणि चांगलं ग्रंथालय बरं.

मुलीची तयारीही बघा. इथे वर्षभर वाचायचं आणि लिहायचं असतं, शेवटच्या महिन्यातल्या गाइडवर निभावत नाही. इंग्रजीतला वीस पानांचा एखादा अभ्यासलेख तिला द्या. दोन-तीन तासांत वाचून तिने पाचशे शब्द स्वतःचे लिहावेत. जड गेलं तर प्रवेश सोडायला नको, पण जूनपर्यंत आठवड्याला दोनदा हाच सराव हवा. मराठी माध्यमातली हुशार मुलं पहिल्या सत्रात मागे पडतात ती बहुतेक वेळा वाचनाच्या वेगामुळे, आणि ती गप्प बसली की आम्हाला फार वाईट वाटतं, कारण थोड्या सरावाने हे टळतं.

आता पैसे. पहिल्या वर्षाच्या आकड्याला चारने गुणू नका. समजा फी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला ७ लाख, आणि दरवर्षी आठ टक्के वाढ. चार वर्षांचे २८ नव्हे, साडेएकतीस लाख होतात. त्यातल्या वीस लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी, १० वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे २६,४०० रुपये. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही तर तो आणखी वाढतो. साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती फक्त शिकवणी फीवर आहे की वसतिगृहावरही, आणि दरवर्षी टिकवायला किती सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) लागतो, हे लेखी घ्या. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात आणि सोनिपतच्या अशोका विद्यापीठात कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मदत मिळते, तिथेही अर्ज करून ठेवा. घर गहाण टाकूनच जमणार असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे : अनुदानित कॉलेज घ्या.

प्रश्न : मला एमपीएससी करायची आहे. खासगी विद्यापीठाची लिबरल आर्ट्सची पदवी चालते का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठाचं नाव बघून घ्या. प्रश्न वर्षांचा आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं का, ते विचारा, नाहीतर एक वर्ष जास्त जातं.

प्रश्न : प्रवेश घेतला, फी भरली, पण आता दुसरीकडे जायचं आहे. पैसे मिळतील?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क वजा), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५० आणि पुढे काही नाही. यूजीसी दरवर्षी वेगळी सूचनाही काढते आणि ती बऱ्याचदा यापेक्षा सोयीची असते, म्हणून यंदाची आधी बघा. अर्ज तोंडी करू नका. ईमेलने पाठवा आणि छापील प्रतीवर आवक शिक्का घ्या, कारण वाद होतो तो तारखेवरूनच. मूळ गुणपत्रिका आणि दाखला संस्थेला अडवून ठेवता येत नाही. ते संस्थेकडे असतील तर याच अर्जात परत मागा.