लाल चड्डी परत आली, पण शेवटची गोष्ट खुपली

मागच्या अंकात मी 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये कौतुक आहे, चिडचिड आहे आणि काही पत्रांत तर उभा दावा मांडलाय. ज्यांनी अंक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुपरमॅन पहिल्यांदा लोकांसमोर आला 18 एप्रिल 1938 ला, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात. बरोबर 80 वर्षांनी, 18 एप्रिल 2018 ला, डीसी या प्रकाशन कंपनीने याच मासिकाचा हजारावा अंक काढला. त्यात 80 पानं आणि दहा गोष्टी होत्या. जिम ली यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर सुपरमॅन लाल चड्डीत होता.

प्रश्न : ताई, पोशाखावर चड्डी असली काय आणि नसली काय! मोठी माणसं यावरून भांडतात, हे मला कळत नाही. (कॉलेजमधली वाचक)

भांडण चड्डीपुरतं असतं तर मीही तुझ्यासारखंच म्हटलं असतं. 2011 मध्ये डीसीने आपली सगळी मासिकं एकदम क्रमांक एकपासून सुरू केली. त्या फेऱ्यात सुपरमॅनची चड्डी गेली, गळ्याभोवती उभी कॉलर आली आणि अंगावरचं कापड चिलखतासारखं दिसायला लागलं. पण त्याच फेऱ्यात त्याचं लग्नही गेलं. लोइस लेनशी तो 1996 मध्ये बोहल्यावर चढला होता, त्याआधी वाचकांनी जवळजवळ 58 वर्षं वाट पाहिली होती. तो संसार एका रात्रीत पुसला गेला. ज्यांनी तो चवीनं वाचला होता, त्यांना कुणी विचारलंही नाही.

मग 2016 मध्ये लग्न झालेला, जॉन नावाच्या मुलाचा बाप असलेला सुपरमॅन परत आला. एकेक वस्तू घरी येत गेली. उरली होती ती चड्डी, आणि तीही हजाराव्या अंकात आली. म्हणून लोकांनी जल्लोष केला. माझंही मत विचारशील तर मी चड्डीवाल्यांच्या बाजूची आहे. तीसच्या दशकातल्या सर्कशीतले पहिलवान तसला पोशाख करायचे, त्यांची ताकद मिरवण्याची रीत सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी उचलली. शिवाय चित्रकाराच्या नजरेनं बघ. मानेपासून घोट्यापर्यंत सगळं निळंच निळं असलं की आकृती सपाट होते. मध्ये लाल आणि पिवळा पट्टा आला की उडणारं शरीर कुठे वळलंय हे लगेच कळतं.

प्रश्न : 80 वर्षं गुणिले 12 म्हणजे 960. मग हजार कुठून आले? हा आकडा फुगवलेला तर नाही? (निवृत्त गणित शिक्षक)

सर, फुगवलेला नाही, पण सरळ रेषेतलाही नाही. 1988-89 मध्ये हे मासिक काही महिने साप्ताहिक होतं. 601 ते 642 हे अंक त्या काळातले. 2011 मध्ये 904 वर गाडी थांबवून पुन्हा एकपासून मोजायला लागले आणि त्या नव्या मोजणीचे 52 अंक निघाले. 2016 मध्ये जुन्या आकड्यावर परत येताना ते 52 जमा धरले आणि पुढचा अंक 957 म्हणून आला. त्यानंतर महिन्याला दोन अंक निघत होते, त्यामुळे शेवटची चाळीसेक पायरी भराभर चढली गेली. बरोबर 80 व्या वाढदिवशी हजारावा अंक यावा म्हणून वेळ जुळवलेली आहे, हे उघड आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही. 904 नंतर एक मोजणं मात्र गैर वाटलं होतं.

प्रश्न : तुम्ही शेवटच्या गोष्टीवर फार कडक लिहिलंत. ब्रायन मायकल बेंडिस हे मोठे लेखक आहेत. डीसीत नव्याने आलेल्या माणसाचं स्वागत असं करतात का? (आग्रही चाहता)

बेंडिस मोठे लेखक आहेत यात वाद नाही, आणि त्यांच्या गोष्टीत मला आवडलेली एक जागाही आहे : वर सुपरमॅन मार खातोय आणि खाली दोघीजणी त्याच्या परत आलेल्या चड्डीवर बोलतायत. पण माझी तक्रार लेखकाबद्दल नव्हतीच, जागेबद्दल होती. ही गोष्ट रोगोल झार नावाच्या नव्या खलनायकाला आणते, तो सुपरमॅनला झोडपतो, सुपरमॅनचा जन्मग्रह असलेल्या क्रिप्टॉनच्या विनाशाबद्दल काहीतरी भयंकर सांगतो आणि गोष्ट तिथेच तुटते. पुढचं हवं असेल तर त्यानंतरच्या महिन्यात सुरू झालेली नवी मालिका विकत घ्या. वाढदिवसाच्या पंगतीत शेवटच्या पानावर वाढायला हे नको होतं.

त्याच अंकात नऊ गोष्टी अशा आहेत, ज्या पूर्ण होतात. डॅन जर्गन्सच्या पहिल्या गोष्टीत मेट्रोपोलिस शहर सुपरमॅनचा दिवस साजरा करतं. लोक एकेक करून बोलतात, त्यात त्यानेच पूर्वी पकडलेला एक गुन्हेगारही आहे. सुपरमॅनला तिथे बसवत नाही, कारण परग्रहावरचं सैन्य पृथ्वीवर येतंय. मग कळतं की बाकीच्या नायकांनी ते संकट आधीच परतवलंय, कारण त्याने एकदा तरी थांबून ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. वाचकांनी त्याला म्हणायचं होतं ते 'धन्यवाद' या गोष्टीनं म्हणून टाकलं.

आणि जेफ जॉन्स व रिचर्ड डॉनर यांची 'द कार'. डॉनर म्हणजे 1978 च्या सुपरमॅन चित्रपटाचे दिग्दर्शक. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आठवा : सुपरमॅनने हिरवी गाडी डोक्यावर उचलून आपटलीय आणि पुढे एक माणूस डोकं धरून पळतोय. आतल्या गोष्टीत ही गाडी बुच मॅट्सन नावाच्या गुंडाची आहे. नाचायला नकार दिला म्हणून तो लोइसला जबरदस्तीने उचलून नेतो, सुपरमॅन गाडी मोडतो आणि त्याला खांबाला लटकावतो. तिथून पुढे बुचकडे कुणी पाहिलंच नव्हतं. जॉन्स आणि डॉनर यांनी पाहिलं. मोडक्या गाडीनंतर त्याचं काय झालं, सुपरमॅन त्याला पुन्हा कसा भेटतो आणि सुधारायची संधी कशी देतो, एवढंच त्यांनी सांगितलं. लटकावणं 1938 चं, संधी देणं त्यानंतरच्या 80 वर्षांत त्याने कमावलेलं. सुपरमॅन कसा बदलला हे इतक्या कमी पानांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अंक इथे संपला असता तर मी एक अक्षरही कडक लिहिलं नसतं.

प्रश्न : माझ्याकडे हजाराव्या अंकाची चार वेगवेगळी मुखपृष्ठं आहेत. प्लास्टिकमधून काढलेली नाहीत. पुढे चांगली किंमत येईल ना? (संग्राहक)

येणार नाही, आणि कारण साधं आहे. पहिल्या अंकाच्या सुमारे 2 लाख प्रती छापल्या गेल्या होत्या, 10 सेंटला एक. मुलांनी त्या वाचल्या, फाडल्या, एकमेकांना दिल्या, युद्धकाळात रद्दी गोळा झाली त्यात त्या गेल्या. उरल्या त्या अगदी थोड्या, म्हणून 2014 मध्ये त्यातली एक प्रत 32 लाख डॉलरला गेली. हजारावा अंक 7.99 डॉलरचा, भरपूर छापलेला, आणि तुमच्यासारख्या असंख्य लोकांनी जपून ठेवलेला. दुर्मीळ होणार कसा? चारपैकी एक तरी उघडा. हाच अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी निघाला, त्यातल्या दशकावार मुखपृष्ठांमध्ये स्टीव्ह रूड यांनी तीसच्या दशकाचं आणि जिम स्टेरँको यांनी सत्तरच्या दशकाचं काढलंय, ती मी वारंवार काढून बघते.

प्रश्न : सीगल आणि शुस्टर यांना सुपरमॅनचे 130 डॉलर मिळाले हे खरं का? मग हा सोहळा कुणाचा? (अस्वस्थ वाचक)

खरं आहे. 1938 मध्ये 13 पानांच्या गोष्टीसोबत सगळे हक्क 130 डॉलरला गेले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, नाव गेलं, शुस्टर यांची दृष्टीही जवळजवळ गेली. 1975 मध्ये सीगल यांनी जाहीर पत्र लिहून दाद मागितली, चित्रकार नील ॲडम्स यांच्यासारखे लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा कंपनीने दोघांना वर्षाला 20 हजार डॉलर देऊ केले आणि निर्माते म्हणून नाव परत छापायला सुरुवात केली. शुस्टर 1992 मध्ये गेले, सीगल 1996 मध्ये. तुमची अस्वस्थता रास्त आहे आणि ती सोडू नका. मी स्वतः कुठलाही सुपरमॅन अंक उघडला की आधी ती दोन नावं शोधते.

याच अंकात कर्ट स्वान यांची पूर्वी न छापलेली चित्रंही आहेत. स्वानही 1996 मध्येच गेले. मार्व वुल्फमन यांनी त्या चित्रांवर नवी गोष्ट बेतली. गोष्ट म्हणून ती अंकातली सगळ्यात कच्ची आहे, हे कबूल. पण मी ज्या चेहऱ्याला सुपरमॅन म्हणून ओळखायला शिकले तो स्वान यांच्या हातचा होता, आणि तो पुन्हा ताज्या कागदावर दिसला तेव्हा मला भरून आलं.

प्रश्न : पूर्वी चाहते एवढे बोलत नव्हते. आता प्रत्येक गोष्टीवर गोंधळ असतो. (जुने वाचक)

पूर्वीही बोलत होते, टपालाने. 'सुपरमॅन' मासिकात 1958 पासून पत्रांचं पान होतं. साठच्या दशकात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ पत्रांखाली पूर्ण पत्ते छापायचे, त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि चाहत्यांच्या मंडळींची मुळं तिथे रुजली. गोंधळाचं म्हणाल तर 900 वा अंक आठवा, 2011 मधला. एका छोट्या गोष्टीत सुपरमॅन तेहरानमध्ये निदर्शकांसोबत मुकाट उभा राहतो आणि मग अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं बोलतो. केवढं काहूर माजलं होतं! मला ती गोष्ट तेव्हाही पटली होती.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. पहिलं सुपरमॅन कॉमिक म्हणून हे देऊ का? (आई)

द्या, पण क्रमाने नको. आधी ब्रॅड मेल्ट्झर आणि जॉन कॅसाडे यांची 'फास्टर दॅन अ स्पीडिंग बुलेट' वाचून दाखवा. जिच्यावर बंदूक रोखलीय अशा एका बाईला वाचवायला सुपरमॅन निघालाय आणि त्याला वाटतंय की आपण पोचणार नाही. ती स्वतः धीर करून काहीतरी करते, तेवढ्यानेच त्याला वेळ मिळतो. मुलं या बाईबद्दल खूप विचारतात. मग टोमासी आणि ग्लीसन यांची, जिथे प्रत्येक पानावर एकच मोठं चित्र आहे. टॉम किंगची, ज्यात सूर्य पृथ्वीला गिळायला आलाय आणि सुपरमॅन आईवडिलांच्या थडग्यापाशी उभा आहे, ती दोन वर्षांनी.

प्रश्न : बॅटमॅनच्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा हजारावा अंकही घ्यावा का? (एका ओळीचं पत्र)

घ्या. तो 27 मार्च 2019 ला आला, 96 पानांचा, 9.99 डॉलरचा. शेवटी नवा खलनायक आणायची खोड तिथेही आहे. पण केव्हिन स्मिथ आणि जिम ली यांच्या गोष्टीत ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, आपल्या आईवडिलांना मारणारी बंदूक मिळवून वितळवतो आणि छातीवरच्या वटवाघळामागचं चिलखत त्या लोखंडाचं करतो. आणि डेनी ओ'नील यांनी 1976 मधल्या आपल्याच गोष्टीचा पुढचा भाग लिहिलाय, त्यात डॉक्टर लेस्ली थॉम्पकिन्स बॅटमॅनला चांगलंच सुनावतात. ती आधी वाचा आणि तुम्ही लेस्लीच्या बाजूचे की बॅटमॅनच्या, हे मला कळवा. मी लेस्लीच्या.